शाओमीची एमआययूआय आणि हायपरओएस : सोयी कोणत्या, आणि खासगी माहितीचं काय?

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या बाजारात नवा फोन घेतला की तो बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवरच सुरू होतो. दुकानदार खोका उघडतो, सिम टाकतो, भाषा निवडतो आणि मग एकामागून एक येणाऱ्या स्क्रीनवर 'सहमत', 'पुढे', 'सहमत' करत जातो. ग्राहक तेवढ्यात कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास निवडत असतो. पाच मिनिटांत फोन तयार.

याच पाच मिनिटांत काही महत्त्वाचे निर्णय होऊन जातात. फोन कसा वापरला जातो याची नोंद कंपनीला पाठवायची का? जाहिराती आपल्या सवयी पाहून दाखवायच्या का? लॉक स्क्रीनवर बातम्या आणि व्हिडिओ येऊ द्यायचे का? हे निर्णय ज्याने घेतले तो फोन वापरणार नसतो, आणि जो वापरणार असतो त्याने ते पाहिलेले नसतात.

भारतात ज्या फोनबद्दल ही चर्चा सर्वाधिक झाली, ते म्हणजे शाओमी, रेडमी आणि पोको. त्यांच्यातली सिस्टिम आधी एमआययूआय या नावाने ओळखली जायची, आता तिला हायपरओएस म्हणतात. ही सिस्टिम नेमकी काय आहे, तिच्यावर कोणते आक्षेप आले, कंपनीने काय उत्तर दिलं आणि वापरणाऱ्याच्या हातात काय उरतं, ते समजून घेऊया.

एमआययूआय म्हणजे काय?

फोनचा मूळ पाया अँड्रॉइडचा असतो. अँड्रॉइड ही गुगलची ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि तिचा मूळ कोड कोणालाही वापरता येतो. कंपन्या हा कोड घेतात, त्यावर स्वतःचं रंगरूप, स्वतःची ॲप्स आणि सोयी चढवतात. घराचा सांगाडा एकच, पण रंग, खिडक्या आणि फर्निचर वेगळं, असा हा प्रकार. सॅमसंगच्या अशा सिस्टिमचं नाव वन यूआय, ओप्पोच्या सिस्टिमचं कलरओएस, रिअलमीची रिअलमी यूआय आणि शाओमीची एमआययूआय.

शाओमी ही कंपनी लेई जून यांनी २०१० मध्ये बीजिंगमध्ये सुरू केली. तिने पहिला फोन २०११ मध्ये आणला, पण एमआययूआय त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०१० मध्येच आली होती. म्हणजे ही कंपनी आधी सॉफ्टवेअरची आणि नंतर फोनची. जुलै २०१४ मध्ये एमआय ३ हा फोन घेऊन शाओमी भारतात उतरली आणि २०१७ च्या अखेरीस विक्रीत पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने एमआययूआयच्या जागी हायपरओएस जाहीर केली. नाव बदललं, तरी फोनमध्ये पाया अँड्रॉइडचाच आहे.

लोकांना ती का आवडली?

साध्या अँड्रॉइडमध्ये ज्या सोयींसाठी वेगळं ॲप शोधावं लागायचं, त्या इथे आयत्या मिळाल्या. 'ड्युअल ॲप्स' मुळे एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप चालवता येतात, एक घरचं आणि एक धंद्याचं. 'ॲप लॉक' मुळे गॅलरी किंवा पेमेंटच्या ॲपला वेगळं कुलूप लावता येतं. 'सेकंड स्पेस' मुळे एकाच फोनमध्ये दोन वेगळे कप्पे करता येतात आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवता येतो. स्क्रीन रेकॉर्डिंग, फोन हरवला तर शोधण्याची सोय, फालतू फाइल साफ करणारं 'सिक्युरिटी' ॲप आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतला मेनू हेही त्यात आलं.

एकच फोन नवरा, बायको आणि मुलं मिळून वापरतात अशा घरांत ॲप लॉक आणि सेकंड स्पेस या चैनीच्या गोष्टी नाहीत. खासगीपणा जपायला त्यांचा रोज उपयोग होतो. एमआययूआयवर टीका करताना ही बाजू सुटू नये. घरातल्या माणसांपासून माहिती लपवण्याची चांगली साधनं या सिस्टिमने दिली. वाद आहे तो माहिती खुद्द कंपनीपर्यंत किती जाते याचा.

फोन स्वस्त, मग कमाई कुठून?

एप्रिल २०१८ मध्ये लेई जून यांनी जाहीर केलं होतं की, कंपनी हार्डवेअरच्या व्यवसायात ५ टक्क्यांहून अधिक निव्वळ नफा घेणार नाही. फोनवर नफा कमी ठेवायचा, तर उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून करावी लागते. त्यातला मोठा वाटा जाहिरातींचा असतो.

म्हणूनच फाइल मॅनेजर, म्युझिक, डाउनलोड्स, इतकंच काय ॲप इन्स्टॉल करताना होणाऱ्या तपासणीच्या स्क्रीनवरही जाहिराती दिसू लागल्या. त्यांच्यामागे 'एमएसए' नावाचा सिस्टिमचा एक भाग काम करतो. शिवाय काही ॲप्स आधीच भरून दिलेली असतात. लॉक स्क्रीनवर बातम्या आणि व्हिडिओ दाखवणारी 'ग्लान्स' ही सेवा मात्र चिनी नाही, ती बंगळुरूच्या इनमोबी समूहाची आहे.

जाहिरात योग्य माणसाला दाखवायची, तर तो माणूस काय करतो हे माहीत असावं लागतं. खासगी माहितीचा प्रश्न इथून सुरू होतो.

परवानगी तर आपणच देतो ना?

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपला कॅमेरा, माइक, काँटॅक्ट किंवा लोकेशन हवं असेल, तर त्याला विचारावं लागतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून हा नियम आहे. नको वाटलं तर 'नाही' म्हणता येतं किंवा ॲप काढून टाकता येतं.

फोनसोबत आलेली सिस्टिम ॲप्स वेगळ्या जागी असतात. कंपनी त्यातल्या काहींना आधीच परवानग्या देऊन ठेवू शकते. त्यातली बरीचशी अनइन्स्टॉल होत नाहीत, फार तर बंद करता येतात, आणि काही बंदही होत नाहीत. भाडेकरूला दार वाजवावं लागतं, घरमालकाकडे मात्र किल्ली असते, तसं हे आहे.

म्हणून 'मी सगळ्या परवानग्या नाकारल्या आहेत' हे वाक्य बाहेरून आणलेल्या ॲप्सपुरतं खरं असतं. खुद्द सिस्टिम काय पाठवते, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे सुरुवातीच्या स्क्रीनवर काय मान्य केलं, आणि दुसरी म्हणजे कंपनीने तिथे पर्याय किती दिले.

आजवर कोणते आक्षेप आले?

२०१४ : काँटॅक्टचे नंबर. शाओमी भारतात आली त्याच्या पुढच्याच महिन्यात फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने रेडमी १एस हा नवा कोरा फोन तपासला. त्यात कोणतंही खातं उघडलेलं नव्हतं. तरीही फोनचा आयएमईआय क्रमांक, मोबाइल नंबर, काँटॅक्टमध्ये जोडलेला नंबर आणि आलेल्या एसएमएसमधला नंबर शाओमीच्या सर्व्हरकडे जात असल्याचं आढळलं. इंटरनेटवरून मोफत मेसेज पाठवण्याच्या सेवेसाठी हे होतं, असं कंपनीने सांगितलं. काही दिवसांतच कंपनीचे तेव्हाचे उपाध्यक्ष ह्यूगो बारा यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि अपडेट आला. त्यानंतर ही सेवा आपोआप सुरू न होता विचारून सुरू होऊ लागली.

२०२० : ब्राउझरचा इतिहास. ३० एप्रिल २०२० रोजी फोर्ब्सने एक बातमी दिली. गॅबी कर्लिग या संशोधकाला त्यांच्या रेडमी नोट ८ मधला ब्राउझर पाहिलेल्या वेबसाइटची नोंद सर्व्हरकडे पाठवताना दिसला. 'इन्कॉग्निटो' म्हणजे खासगी मोडमध्येही हे चालू होतं. कोणतं फोल्डर उघडलं, कोणत्या स्क्रीनवर बोट फिरवलं, याचीही नोंद होत होती. अँड्र्यू टियर्नी या दुसऱ्या संशोधकाला शाओमीच्या प्ले स्टोअरवरच्या ब्राउझरमध्येही असंच आढळलं. कंपनीने आरोप फेटाळला. ही माहिती एकत्रित स्वरूपात घेतली जाते आणि तिच्यावरून व्यक्ती ओळखता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पण काही दिवसांतच ब्राउझरमध्ये नवं बटण आलं. त्याने खासगी मोडमधली ही नोंद बंद किंवा सुरू करता येऊ लागली.

२०२१ : शब्दांची यादी. सप्टेंबर २०२१ मध्ये लिथुआनियाच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने अहवाल दिला. शाओमीच्या एमआय १०टी ५जी या फोनमधल्या ॲप्समध्ये ४४९ शब्द आणि वाक्प्रयोग ओळखणारी यंत्रणा असल्याचं त्यात म्हटलं होतं. 'फ्री तिबेट' हा त्यातलाच एक. युरोपात ती बंद ठेवलेली होती, पण दुरून सुरू करता येऊ शकते, असा केंद्राचा आक्षेप होता. आपण वापरकर्त्यांचं बोलणं सेन्सॉर करत नाही, असं उत्तर कंपनीने दिलं. पुढे जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही तपास केला आणि जानेवारी २०२२ मध्ये कारवाई करावी असं काही आढळलं नसल्याचं सांगितलं.

या तीन प्रकरणांतली पहिली दोन एकाच वळणाने गेली. बाहेरच्या कोणीतरी तपासलं, बोभाटा झाला, कंपनीने खुलासा दिला आणि मग 'बंद करा' हा पर्याय आला. आधी तो पर्याय नव्हता.

भारत सरकार आणि लष्कराने काय केलं?

एफ-सिक्युअरच्या तपासणीनंतर २०१४ मध्येच हवाई दलाने आपल्या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शाओमीचे फोन न वापरण्याची सूचना केल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्ये चीनच्या सीमेवरील जवानांना फोनमधून काढायला सांगितलेल्या ४२ ॲप्सच्या यादीत शाओमीचीही काही ॲप्स होती.

गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉकसोबत त्यात एमआय कम्युनिटी आणि एमआय व्हिडिओ कॉलही होती. ऑगस्टमध्ये एमआय ब्राउझर प्रोवरही बंदी आली. त्यानंतर बंदी असलेली ॲप्स वगळून भारतासाठी एमआययूआयची वेगळी आवृत्ती देणार असल्याचं शाओमीने जाहीर केलं. फोनवर मात्र बंदी आली नाही.

जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप्स काढायला सांगितली, तेव्हा त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्रूकॉलरही होती. म्हणजे चिंता फक्त चिनी ॲप्सची नव्हती. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला देशातल्या सर्वात मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्याचं लोकेशन आणि काँटॅक्टची यादी ही दुसऱ्या कुणासाठी किती मोलाची असू शकते, हे वेगळं सांगायला नको.

माहिती साठवतात कुठे?

२०१४ मध्ये शाओमीने चीनबाहेरच्या ग्राहकांची माहिती बीजिंगहून ॲमेझॉनच्या अमेरिका आणि सिंगापूरमधल्या सर्व्हरवर हलवत असल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये भारतीय ग्राहकांची माहिती ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या सर्व्हरवर ठेवत असल्याचं जाहीर केलं. २०२० च्या बंदीनंतरही भारतीयांची सगळी माहिती भारतातच आहे, असं कंपनीने पुन्हा सांगितलं.

टीकाकारांचा मुद्दा असा, की सर्व्हर कुठे आहे याच्याइतकंच त्याची किल्ली कोणाकडे आहे हेही महत्त्वाचं असतं. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांना सरकारी गुप्तवार्ता कामात सहकार्य करावं लागतं. या कायद्याचा वापर करून भारतीय ग्राहकांची माहिती घेतली गेली, असं वरच्या कोणत्याही अहवालाने म्हटलेलं नाही. पण शंका का घेतली जाते, याचं कारण तो कायदा आहे.

वर्ध्याच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

दहा वर्षांपूर्वी फोनमध्ये गाणी, फोटो आणि व्हॉट्सॲप असायचं. आता सातबाराही आला आहे.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, त्यासोबत लोकेशन जातं आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर येते. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा, तर 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी करावी लागते. तिथे आधार, जमिनीची कागदपत्रं आणि कापसाचं क्षेत्र भरावं लागतं. वर्धा हा कापसाचा जिल्हा आहे आणि हिंगणघाट ही विदर्भातली मोठी कापूस बाजारपेठ. इथल्या शेतकऱ्याला 'स्मार्टफोनच वापरणार नाही' असं म्हणण्याची मुभा राहिलेली नाही.

यात घाबरवणारा निष्कर्ष काढू नये. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची माहिती वेगळ्या कप्प्यात असते. शाओमीची सिस्टिम बँकेच्या ॲपमधली शिल्लक किंवा सातबारा वाचते, असा आरोप वरच्या कोणत्याही अहवालात नाही. आक्षेप आहेत ते वापराच्या नोंदींवर. कोणतं ॲप कधी उघडलं, कोणती साइट पाहिली, कोणाचा नंबर जोडला, फोन कुठला आहे. पण अशा नोंदी जोडत गेलं की माणूस शेती करतो, कर्ज शोधतोय, कुठल्या दवाखान्याची माहिती पाहतोय, हे कळू शकतं. कर्जाची जाहिरात नेमकी पेरणीच्या तोंडावर दिसते, तेव्हा अशा अंदाजांची किंमत कळते.

हे फक्त शाओमीतच होतं का?

नाही. गुगल स्वतः अँड्रॉइडमधून भरपूर माहिती गोळा करतं आणि तिची कमाईही जाहिरातींचीच आहे. जून २०२३ मध्ये रिअलमीच्या फोनमधल्या 'एनहान्स्ड इंटेलिजंट सर्व्हिसेस' या आधीच सुरू असलेल्या पर्यायावर आक्षेप आला. तेव्हा तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी तपासणी होईल असं सांगितलं होतं.

सरकारही यातून सुटलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच टाकून देण्याचा आदेश काढला. हरवलेला फोन शोधणं आणि फसवणूक रोखणं हा हेतू सांगितला गेला. पण काढता न येणाऱ्या ॲपवरून मोठी टीका झाली आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली. ॲप कंपनीचं असो की सरकारचं, फोनमध्ये ते राहावं की नाही हे फोनच्या मालकाला ठरवता येतं का, हाच प्रश्न तिथेही होता.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, कशासाठी आहे हे कळून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींवर मात्र टीका होते.

आत्ता काय बंद करता येतं?

आवृत्तीनुसार मेनूतली नावं थोडी बदलतात, पण वाट साधारण अशी आहे.

* वापराची नोंद : सेटिंग्ज, मग 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी', मग 'प्रायव्हसी'. तिथे 'यूजर एक्सपिरियन्स प्रोग्राम' आणि 'डायग्नॉस्टिक डेटा' पाठवण्याचा पर्याय बंद करावा.
* सवयींवरच्या जाहिराती : त्याच 'प्रायव्हसी' मध्ये 'ॲड सर्व्हिसेस' असतं. तिथला वैयक्तिक जाहिरातींचा पर्याय बंद करावा. यामुळे जाहिराती थांबत नाहीत, फक्त सवयींवरून दाखवणं थांबतं.
* एमएसए : 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी' मध्ये 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' आहे. तिथे एमएसए बंद करताना दहा सेकंद थांबावं लागतं आणि इंटरनेट सुरू असावं लागतं. पहिल्या प्रयत्नात होत नाही असा अनेकांचा अनुभव आहे. दोन-तीनदा करून पाहावं.
* ॲपमधल्या शिफारशी : फाइल मॅनेजर, डाउनलोड्स, सिक्युरिटी या प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये 'रेकमेंडेशन्स' वेगवेगळं बंद करावं लागतं.
* ग्लान्स : सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनच्या विभागात बंद करता येतं.
* ब्राउझर : कंपनीचा ब्राउझर न वापरता दुसरा निवडून तो कायमचा ठरवून ठेवता येतो.
* जुना फोन विकताना : आधी शाओमी आणि गुगल खात्यातून बाहेर पडावं, मग फॅक्टरी रीसेट करावं.

सुरक्षा अपडेट मात्र बंद करू नयेत. माहिती चोरणाऱ्यांना जुन्या, अपडेट न केलेल्या फोनमध्ये शिरणं सोपं जातं.

हे सगळं करूनही काही सिस्टिम ॲप्स फोनमध्ये राहतातच आणि कंपनीशी होणारा काही संपर्क सुरूच राहतो. तो पूर्ण थांबवणारं बटण मेनूत नाही. पण जे बंद करता येतं त्यासाठी पैसे लागत नाहीत की इंजिनीअर लागत नाही. 'सहमत' म्हणायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या तिप्पट वेळ लागतो, इतकंच.

नवा फोन घेणाऱ्यांसाठी तर त्याहून सोपा उपाय आहे. दुकानात फोन चालतो की नाही एवढं पाहावं आणि बाकीचं सेटअप घरी आणून, मराठी भाषा निवडून, एकेक स्क्रीन वाचत करावं. ज्याचा फोन, त्याचंच बोट 'सहमत' वर असावं.